संडासाची चावी

"सर, ही बाई सांगितलेलं ऐकतच नाही," माझी रेसिडेंट डॉक्टर केसपेपर पुढ्यात टाकत म्हणाली. पोरगी हुशार, वाचन दांडगं आणि तोंडही तसंच. लातूरच्या दवाखान्यात रेसिडेंटांना शिकवताना माझं डोकं फिरवणारी वाक्यं बरीच आहेत. त्यात हे पहिलं.

बाई उदगीरच्या एका डाळ मिलमध्ये डाळ निवडायची. लघवीचा जंतुसंसर्ग वर चढून थंडीताप आला, म्हणून तिसऱ्यांदा भरती झाली होती. एक किडनी अगोदरच निकामी. दुसरी गेली तर तिशीच्या आत डायलिसिस. आणि घरी सोडताना दर वेळी आम्ही कागदावर ठळक अक्षरांत लिहून दिलेलं: पाणी भरपूर पिणे.

"का पीत नाही, विचारलंस?"

"तहानच लागत नाही म्हणते."

"आणि तू मान डोलावलीस! उदगीरच्या उन्हात, डाळीच्या धुळीत तहान लागत नाही?"

मग मी स्वतः ऐटीत तिच्या खाटेजवळ गेलो आणि तोच प्रश्न विचारला. पदर सावरत ती म्हणाली, "पिते की, सायेब." माझी सगळी मास्तरकी तिनं तीन शब्दांत गुंडाळून ठेवली.

ताप उतरला, ती घरी गेली, पुन्हा कामावर रुजू झाली. पुढच्या रविवारी मिलच्या मालकाची परवानगी घेऊन मी रेसिडेंटला उदगीरच्या एसटीत बसवलं आणि स्वतःही सोबत निघालो. "आज पुस्तक नाही, नुसतं बसायचं," असं बजावलं होतं. तिचं तोंड एवढंएवढं झालं.

मिलच्या शेडमध्ये बायका सूप घेऊन ओळीनं बसलेल्या. पाहुणी आली म्हणून त्यांनी माठातलं गार पाणी तांब्याभरून दिलं. उकाड्यात माझी रेसिडेंट दोन तांबे प्यायली. त्या मात्र कोणी घोटभरही घेईनात. मी दारात खुर्ची टाकून बसलो होतो.

तासाभरानं तिची चुळबूळ सुरू झाली. ती आमच्या पेशंटच्या कानाशी लागली. पेशंटनं हनुवटीनं मुकादमाकडे खूण केली. मालाच्या ट्रकचे ड्रायव्हर घाण करतात म्हणून बायकांच्या संडासाला कुलूप असायचं आणि चावी मुकादमाच्या खिशात. माझी रेसिडेंट उठून त्याच्याकडे गेली, हळूच मागितली. तो बिचारा मदतीच्याच भावनेनं ओरडला, "ए, वाट सोडा रे! म्याडमला तिकडं जायाचंय!"

पोती उचलणारे सगळे हमाल थांबून बघू लागले. कोणीतरी फिसकन हसलं. पोरगी कानापर्यंत लाल झाली.

परत आली तेव्हा मुकादमानं हात पुढं केला. "द्या चावी."

"नाही देणार." तिनं चावी सरळ आमच्या पेशंटच्या मुठीत दिली. "ही आता बायकांकडंच राहील."

मुकादम माझ्याकडे बघायला लागला. मी म्हणालो, "माझ्याकडं काय बघता? डॉक्टर त्या आहेत." खरं सांगतो, त्या क्षणी मला उठून नाचावंसं वाटत होतं. लाजही वाटत होती, कारण 'पाणी भरपूर पिणे' हे मी स्वतः आयुष्यभर लिहीत आलो होतो.

गलका ऐकून मालक ऑफिसातून बाहेर आला. रेसिडेंटनं पिशवीतून कागद काढला, त्यावर पेशंटचं नाव घातलं आणि लिहिलं: 'दर दोन तासांनी लघवीला जाणे. कुणाची परवानगी लागू नये.' खाली झोकात सही. मालकानं दोनदा वाचलं.

"आमाला आजवर कुणी बोललंच न्हाई की हो," तो ओशाळून म्हणाला.

"बोलनार कसं, शेठ?" आमची पेशंट मागून एकदम म्हणाली. "समदे गडीच की हितं."

सगळ्या बायका हसल्या. मालकही हसला आणि कागद घडी करून खिशात ठेवला. चावी अडकवायला शेडच्या दाराच्या आतल्या बाजूला खिळा ठोकायला त्यानं मुकादमालाच धाडलं.

तीन महिन्यांनी ती तपासणीला आली. दुपारची ओपीडी, दारापर्यंत रांग. मधल्या काळात एकदाही ताप नव्हता. रिपोर्ट मी आणि रेसिडेंटनं मिळून पाहिला. दुसरी किडनी ठणठणीत काम करत होती. "लई पानी पिते बगा आता," असं म्हणत तिनं आमच्यासमोरच बाटली संपवली. मग दारात जाऊन रांगेपलीकडच्या वॉर्डबॉयला हाक मारली, "भाऊ, लघवीला कुठं जायाचं?"

सगळी रांग वळून पाहू लागली. वॉर्डबॉयनं लाजून मान खाली घातली, तेव्हा तिनं आणखी मोठ्यानं विचारलं.