उंबऱ्याबाहेरचं फिनेल

बार्शीला बाटल्यांच्या बुचांचा सौदा चालला होता, तेव्हा फोन आला. व्यापारी त्याच्या भावावरून हलत नव्हता आणि मी माझ्या. दोघांचेही आवाज चढलेले, शेजारच्या दुकानातली माणसं डोकावून गेलेली. फोनवर बाळू होता, माझा पुतण्या. थोडे दिवस नातवंडांत राहून येते म्हणून त्याची आई, आमच्या आक्का, त्याच्याकडे पुण्याला गेल्या होत्या. "काकू, आई गेली. सकाळी उठलीच नाही... आम्ही तिला घेऊन परंड्याला निघालोय." मी खाली बसले. व्यापाऱ्यानं काय झालं विचारलं, मी सांगितलं. त्यानं लगेच मान खाली घातली आणि म्हणाला, "घ्या वहिनी, तुमच्याच भावात न्या." आणि माझं डोकं भडकलं. "माझी जाऊ गेली म्हणून भाव उतरवता? मग मघाशी का नाही उतरवला? तेव्हा परवडत नव्हतं ना?" माल तिथंच टाकला आणि एसटी धरली. एसटीत रडू आलं, पण खरं सांगते, त्याआधी हसू आलं. आक्कांनी हे ऐकलं असतं तर म्हणाल्या असत्या, "शालन, म्या मेले तरी तू माझ्या नावानं भांडलीसच व्हय!"

आक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. मी माहेराहून, ईट गावाहून, लग्न होऊन परंड्याला आले तेव्हा माप ओलांडून आत पाऊल टाकलं आणि पहिल्यांदा जाणवला तो त्या घराचा वास. पत्र्याचं घर, मातीच्या भिंती, बाहेर उन्हाळा मी म्हणतोय... आणि आत गार, स्वच्छ, लिंबाची फोड नुकतीच कुणी चिरून ठेवली असावी असा वास. आमच्या ईटच्या घरात गोठ्याचा आणि तेलाच्या घाण्याचा वास असायचा. मी नवी नवरी, मान खाली, आणि मनात एकच विचार की हिनं काय लावलंय? विचारलं तर म्हणाल्या, "काय लावलं न्हाय. केर काढलाय." पुढं चुली वेगळ्या झाल्या, दोन घरांच्या मधे भिंत आली, भावजी अकाली गेले, पत्र्याच्या जागी स्लॅब आला, पण अंगण एकच राहिलं आणि त्या वासावरून माझी आणि त्यांची जी जुंपली ती शेवटपर्यंत.

त्यांचं सगळं टाकाऊतून चालायचं. अंघोळीच्या बंबाची राख चाळून डब्यात. तीच भांड्यांना, तीच तेलकट ओट्याला. रस काढलेल्या लिंबाच्या साली उन्हात वाळवायच्या आणि मूठभर साली, तुरटीचा खडा आणि खडेमीठ घालून पाणी उकळायचं. गाळून, निववून त्यानंच फरशी. मोरीला वास आला की खायचा सोडा टाकायचा, वर आंबट ताक ओतायचं. फेस फसफसला की "बघ कशी रागावली तुझ्यावानी" असं मला म्हणायच्या आणि वरून कढत पाणी सोडायच्या. तांब्याला चिंचेचा चोथा. वाकळांच्या घडीत कडुलिंबाचा वाळलेला पाला. आणि दिवेलागणीला गोवरीच्या निखाऱ्यावर चिमूटभर ऊद, लसणाच्या साली आणि तोच पाला. तो धूर त्या प्रत्येक खोलीत नेऊन दाराआड जरा थांबायच्या, जणू तिथं कुणी बसलंय आणि त्याला उठवायचंय. डास पळायचे, आणि पाहुणे यायचे.

आता माझं सांगते. मी फिनेलवाली. परंडा, भूम, ईट या भागात मला ओळखत नाही असं घर विरळा. हे काही मला कुणी हातावर ठेवलं नाही. सोलापूरहून अर्क आणायचा, अंगणात पिंपात काठीनं ढवळायचा, बाटल्या भरायच्या आणि आठवडी बाजारात गोणपाटावर मांडून ओरडायचं. पोलिसांशी भांडले, जागेवरून भांडले, एकदा तर माझ्या बाटलीत नुसतं पाणी आहे म्हणणाऱ्या दुकानदाराच्या काउंटरवर अख्खी बाटली ओतून दाखवली. आज दुकान आहे, पत्र्याची का होईना शेड आहे, माझ्या नावाचं लेबल आहे. सगळ्या तालुक्यात माझं फिनेल चालतं. चाललं नाही ते फक्त एका घरात, आणि ते घर माझ्याच अंगणात!

पहिली भरलेली बाटली मी कौतुकानं आक्कांना नेऊन दिली होती. त्यांनी बूच काढलं, हुंगलं, परत लावलं आणि बाटली उंबऱ्याबाहेर ठेवली. "लई चांगलं झालंय. पर माझं घर दवाखान्यावानी वास मारंल गं." मी दुसऱ्या दिवशी गुलाबाच्या वासाचं केलं. "आता न्हाव्याच्या दुकानावानी." मोगऱ्याचं केलं. "आता वरातीवानी. शालन, घरानं घरावानी वास मारावा की." मी चिडायची, त्या हसायच्या. बाजारात बायका मला विचारायच्या, "तुमच्या जाऊबाई काय वापरतात वो?" काय सांगणार? माझ्याशी आजवर भल्याभल्यांनी भाव करून पाहिला, पण ज्या बाईला काही विकायचंही नाही आणि घ्यायचंही नाही, तिच्याशी भाव करायचा कसा?

तरी मी केला. लोक आता घरगुती, बिनकेमिकल असलं मागायला लागले, तेव्हा डोक्यात आलं की आक्कांच्या पाण्याचीच बाटली काढावी. त्या काय घालतात ते बघून ठाऊक होतं, प्रमाण ठाऊक नव्हतं. रीतसर त्यांच्यापुढं जाऊन बसले. "आक्का, तुम्ही फक्त कशात किती घालायचं ते सांगा, बाकी सगळं मी बघते. बाटलीला तुमचं नाव. तुमचा नऊवारीतला फोटोसुद्धा टाकते."

त्यांनी निवडत असलेली मेथी खाली ठेवली. "म्हंजे माझ्या डोक्यावर बूच लावती व्हय गं?"

"आक्का, थट्टा नको."

"आन् कुणाकुणाच्या मोरीत माझा फटू पडायचा ते बी सांग."

"निम्मा वाटा तुमचा."

"तुला न्हाय सांगायची म्या."

"का पण?"

"न्हाय म्हंजे न्हाय. मेथी नेतीस का थोडी?"

एवढंच. वाईट त्या नकाराचं वाटलं नाही, नकार मी रोज पचवते. वाईट वाटलं ते पुढं कळलं त्याचं. नळावर आमच्या गल्लीतल्या जुलेखाभाभी सहज म्हणाल्या, आक्कांनी मला फरशीचं पाणी करायला शिकवलंय. मग कांबळ्यांच्या सुनंदाताई म्हणाल्या, मला पण. मग पलीकडच्या बोळातल्या सुना. म्हणजे माझ्या गिऱ्हाइकांना ही बाई फुकट शिकवत होती! अख्ख्या गल्लीला शिकवलं आणि सख्ख्या जावेला नाही. तेव्हापासून आमच्या गल्लीतून माझ्या रिकाम्या बाटल्यासुद्धा पुन्हा भरायला परत येईनाशा झाल्या. मी बोलून दाखवलं, भांडले, एक दिवाळी त्यांच्या घरी करंज्या पाठवल्या नाहीत. त्यांनी मात्र पाठवल्या. डबा धुऊन परत केला तर म्हणाल्या, "राखेनं घासलास वाटतं, लखलखतोय," आणि मला त्याचाही राग आला. तो राग अजून आहे. माणूस गेलं की सगळं पोटात घालायचं असतं म्हणे... मला जमलेलं नाही.

आक्का गेल्या त्या श्रावणात. दिवसकार्य झालं, बाळू घराला कुलूप लावून किल्ली माझ्याकडं देऊन गेला. वर्षाचे सण करायचे नव्हते, पण घट हा कुळाचार, तो चुकवायचा नव्हता. बाळूचा फोन आला, "काकू, आम्ही घटाला येतोय. पोरांना घेऊन. घर तेवढं... आई ठेवायची तसं असलं तर बरं." आमच्याकडं घटाआधी घरातली चिंधी न चिंधी धुवायची रीत. वाकळा, गोधड्या, पडदे, डबे, माळ्यावरची पातेली, सगळं बाहेर येतं. मी म्हटलं, त्यात काय, उद्या करते. कुलूप काढलं आणि दारातच थांबले. भर पावसाळ्यात बंद राहिलेलं घर. ओल, उंदीर, कोंदटपणा... आक्कांच्या घराला असा वास येऊ शकतो हे मला माहीतच नव्हतं. मी पदर खोचला आणि माझं सगळ्यात भारी, मोगऱ्याचं फिनेल काढलं. सगळ्या खोल्या घासून पुसल्या. घर स्वच्छ झालं, नाही असं नाही. पण वास! लग्नाच्या मांडवात कुणीतरी ओल्या वाकळा वाळत घातल्यासारखा. पोरं येऊन दारात उभी राहतील आणि आजीचं घर त्यांना ओळखू यायचं नाही, एवढंच डोळ्यांपुढं येत राहिलं. शेवटी नाक दाबून गल्लीत गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा घासाघीस न करता म्हणाले, "बायांनो, या. मला जमेना."

आल्या की सगळ्या! आणि बघते तर प्रत्येकीच्या हातात माझं लेबल असलेली बाटली. क्षणभर छाती फुगली. बूच काढलं तर आत भलतंच. मग उलगडलं की गल्लीतल्या रिकाम्या बाटल्या आक्का गोळा करायच्या, धुवायच्या आणि शिकवलेलं पाणी भरून ठेवायला ज्याच्या त्याच्या घरी द्यायच्या. माझं लेबल, त्यांचं पाणी!

"भांडण नंतर करा, शालनभाभी," जुलेखाभाभी म्हणाल्या, "आधी फरशी. लिंबाच्या साली, तुरटी, मीठ. बस्स." त्यांच्या घरचा लिंबूसरबताचा गाडा, सालींना तोटा नाही.

"साली कुठल्या?" सुनंदाताई म्हणाल्या. "आक्का तर कडुलिंबाच्या पाल्याचा काढा करायच्या. मला तोच शिकवलाय." त्यांच्या दारात कडुलिंबाचं झाड आहे.

"न्हाय वो, रिठ्याचं पाणी!"

"ताकाची निवळ!"

"तौबा! तुमाला काय आठवतंय? म्या रोज बघायची."

"म्या काय आंधळी हाय व्हय?"

नुसता बाजार भरला. मी बाजारात वाढलेली, त्यामुळं ओरडून सगळ्यांना गप्प केलं. मग एकेकीला विचारत गेले आणि लक्षात आलं की कुणीच खोटं बोलत नव्हतं. जिच्या घरातून साली टाकल्या जायच्या तिला साली, जिच्या दारात पाला पडायचा तिला पाला, जिच्याकडं दुभतं जनावर तिला ताक. आणि प्रत्येकीनं आपल्या केलेल्यातलं थोडं आक्कांना आणून दिलेलं. ते सगळं त्या घरात नांदत होतं. बाटलीत भरता येईल असं काही एक नव्हतंच.

"मग मलाच का नाही काही सांगितलं?" मी विचारलं. आवाज चढलाच.

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. जुलेखाभाभींनी पदर तोंडाला लावला. "सांगू? रागवायचं न्हाय. म्या विचारलं होतं त्यांना. तर म्हणल्या, शालनला काय शिकवू? त्या बाईच्या घरातनं कचराच निघत न्हाय. लिंबाच्या साली लोणच्यात घालती, पाला म्हशीवाल्याला देऊन दूध घेती, राख सुदिक इकून खाती. जी काय टाकतच न्हाय, तिला कशाचं काय करायचं सांगू?"

सगळ्या इतक्या हसल्या की सुनंदाताईंना भिंत धरावी लागली. मीही हसले. पण ते कौतुक होतं की टोमणा, हे मी अजून ठरवलेलं नाही. आणि विचारायला आता त्या नाहीत, हीच खरी अडचण आहे.

मग मी घराची वाटणी करून दिली. पुढचा सोपा जुलेखाभाभींना, मधली खोली सुनंदाताईंना, मोरी ताकवालीला, देव्हारा रिठेवालीला. कुणी कुणाच्या हद्दीत यायचं नाही. दारं-खिडक्या सताड उघडल्या, वाकळा अंगणात तारेवर टाकल्या, आणि दिवेलागणीला निखारा मी स्वतः फिरवला. दाराआड थांबत थांबत. नेमकं कुठल्या खोलीत, कधी झालं ते मला सांगता येणार नाही, पण मधेच सुनंदाताईंचं पुसणं थांबलं. जुलेखाभाभीही सोप्यातून आत आल्या. नवी नवरी होऊन मी ज्या घरात आले होते, ते घर परत आलं होतं.

बाळू आला तेव्हा सगळ्या बायका ओट्यावर चहा पीत होत्या. पोरं बूट काढून थेट आत पळाली, आपल्याच घरात पळतात तशी. बाळू मात्र उंबऱ्यात थांबला. डोळे मिटून श्वास घेतला. मग त्याची नजर ओट्याच्या कडेला गेली. तिथं ओळीनं उभ्या होत्या माझ्या लेबलच्या रिकाम्या बाटल्या. त्यानं बाटल्यांकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि भरल्या डोळ्यांनी हसत म्हणाला, "म्हणजे काकू... आई शेवटी तुमचंच फिनेल वापरायची तर!"

बायकांनी बशा तोंडाला लावल्या. जुलेखाभाभींना ठसका लागला. सगळ्यांचे डोळे माझ्यावर, की आता ही काय बोलते.

मी पदरानं एका बाटलीचं लेबल पुसलं. एवढ्या वर्षांनी उंबरा चढून आलेलं गिऱ्हाईक कुणी परत पाठवतं का?