शब्बाथच्या दिवशी न आलेला अलार्म

लिफ्ट चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये अडकली होती आणि अलार्म आलेला नव्हता. लिफ्ट अँटवर्पमध्ये, मी लातुरात.

आमचं काम रिमोट मॉनिटरिंगचं. युरोपातल्या लिफ्टवर इथून नजर ठेवायची, बिघाड दिसला की तिथल्या टेक्निशियनला कळवायचं. मुख्य ऑफिस नांदेडला. लातुरात दोघंच, मी आणि शेजारच्या टेबलावर रफिक. नियम साधा होता. आतून कुणी अलार्मचं बटन दाबलं, तर लगेच माणूस पाठवायचा. दाबलं नाही, तर लिफ्ट रिकामी समजायची. सुट्टीचा दिवस असेल तर दुरुस्ती सोमवारी.

तो शनिवार होता आणि इमारत ज्यू वस्तीतली. शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंत त्यांचा शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा दिवस. कडक पाळणारी माणसं त्या वेळात विजेचं बटन दाबत नाहीत, फोन वापरत नाहीत. म्हणून लिफ्टला शब्बाथ मोड असतो. ती आपली आपण प्रत्येक मजल्यावर थांबते आणि दार उघडते. माणसाने फक्त आत उभं राहायचं.

मी लोड सेल पाहिला. हा लिफ्टच्या तळाचा वजनकाटा. एकसष्ट किलो.

नांदेडला कदम सरांना फोन लावला.

"अलार्म आलाय का, मॅडम?"

"नाही. पण वजन दाखवतंय."

"सेन्सर येडा झाला असंल."

"रिकामी असताना तो शून्यावर येतो, सर. सकाळपासूनची रीडिंग काढून बघितली मी."

"मग आतल्यानं बटन का न्हाई दाबलं? हात बांधलेत का त्याचे?"

फोन स्पीकरवर होता. रफिक म्हणाला, "सर, आमच्या अब्बांना रोज्यात चक्कर आली, डॉक्टर समोर उभा, तरी घोटभर पाणी न्हाई घेतलं. ह्यो काय बटन दाबतो?"

"तुला कुणी विचारलं रे?" सर म्हणाले. मग मला, "क्लायंटला लावा मॅडम. त्यो हाव म्हणला तर पाठवा."

क्लायंट म्हणजे इमारतीचा मॅनेजर. तो सुट्टीवर होता. फोन लागेपर्यंत तिकडे दुपार उलटली. त्याचंही तेच. अलार्म नाही ना, मग सोमवारी बघू. मी म्हटलं, "आत वजन असल्याचं मी कळवलं आणि तुम्ही नको म्हणालात, एवढं मेलवर पाठवा." मग तो म्हणाला, "पाठवा माणूस."

आत रोझेन नावाचे म्हातारे गृहस्थ होते. खांद्यावर प्रार्थनेची शाल, पाठ भिंतीला टेकलेली, ओठ सुकलेले. त्यांनी हाका मारल्या होत्या, पण त्या मजल्यांवरची बिऱ्हाडं सुट्टीला गेलेली. बटन का दाबलं नाही, असं टेक्निशियनने विचारलं. ते म्हणाले, "जीव वाचवायला दाबता येतं. माझा जीव जात नव्हता. गैरसोय होती फक्त."

तळमजल्यावर प्रार्थनेची खोली आहे. सामूहिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. खाली नऊ जण थांबले होते. त्यातल्या एकाच्या वडिलांचं वर्षश्राद्ध होतं, आणि मृतांसाठीची प्रार्थनाही दहांशिवाय म्हणता येत नाही. एक जण इमारतीच्या दुसऱ्या टोकाच्या जिन्याने चढून रोझेन यांचं दार ठोठावून आला, हाका त्याला ऐकू गेल्या नाहीत. ते मुलीकडे गेले असतील, असं सगळ्यांना वाटलं. फोन करून विचारणं त्या दिवशी कुणालाच शक्य नव्हतं. नऊ जण प्रार्थना न म्हणता घरी गेले. अकरावा माणूस त्या गल्लीत राहिलेला नव्हता. तरुण कुटुंबं केव्हाच दुसरीकडे गेली होती.

रोझेन यांना हॉस्पिटलमध्ये नेलं. आधीच कमजोर असलेली मूत्रपिंडं इतके तास पाण्यावाचून पार बिघडली होती. ते परत आले नाहीत.

काही आठवड्यांनी मॅनेजरचं तिकीट आलं, म्हणजे कामाची ऑनलाइन मागणी. शब्बाथ मोड कायमचा काढा. दहा जण जमत नसल्याने प्रार्थनेची खोली बंद झाली होती, आणि शनिवारी लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थांबते अशी बाकीच्या रहिवाशांची तक्रार होती.

मी फोन केला. "पाळणारे अजून काही जण राहतात ना तिथे?"

"राहतात. जिना आहे."

तिकीट नियमात बसणारं होतं. मी मोड काढला. माऊसच्या एका क्लिकचं काम.

"झालं, ताई?" रफिकने विचारलं.

"झालं."

आता आमच्याकडे नियम आहे, आधी वजन बघायचं, मग अलार्म. कदम सरांनीच तो लिहून सगळ्यांना पाठवला. नियम बरोबर आहे. ज्या इमारतीमुळे तो झाला, तिथे शनिवारी लिफ्टने जायचं तर आता बटन दाबावं लागतं.