तांदळाच्या डब्यातली नल्ली

माझं माहेर रत्नागिरीकडचं, खाडीकाठचं. घरातले पुरुष पिढ्यान्‌पिढ्या पाण्यावर. खापरपणजोबा जंजिऱ्याच्या नवाबाच्या गलबतावर, आब्बा इंग्रजांच्या आगबोटीवर सारंग, म्हणजे खलाशांचे मुकादम. अशा घरातली मुलगी दिली कुठं, तर सोलापुरात, गिरणीतल्या विणकराला. समुद्र सोडाच, अंघोळीला दोन तांबे पाणी मिळालं तरी नशीब.

आमच्याकडे एक रीत होती. खलाशाची नल्ली, म्हणजे त्याच्या नोकरीच्या दाखल्याचं पुस्तक, तो घरी असेपर्यंत तांदळाच्या डब्यात राहायची. निघताना ती घरच्या बाईनं स्वतःच्या हातानं द्यायची. नल्लीशिवाय बोटीवर घेत नसत. आई गेल्यावर तो मान माझ्याकडे आला. लग्न झालं तेव्हा आब्बा कामाविना घरीच होते, म्हणून भांड्यांबरोबर तो तांदळाचा डबा आणि त्यातली नल्लीही सोलापूरला आली.

काही महिन्यांनी मुंबईहून त्यांचं पत्र आलं. बोट मिळाली, आठ दिवसांत सुटेल, नल्ली रजिस्टरनं पाठव. मी उलट कळवलं, रीत मोडायची नाही, येऊन घेऊन जा. खरं सांगते, रीत गेली चुलीत. त्या दोन खोल्यांत माझा जीव गुदमरत होता आणि मला माहेरच्या माणसाचं तोंड बघायचं होतं.

आब्बा आले, येताना सोडे, म्हणजे सुकवलेली कोळंबी घेऊन. सासूनं नाक मुरडलं, "ये कीडे मेरे चूल्हेपे नक्को!" आम्हा कोकण्यांना दर्यातलं सगळं हलाल, त्यांच्याकडे कोळंबीसुद्धा चालत नसे. मी हसून सोडून दिलं. आब्बा समोर होते ना.

तीस सालचे, सत्याग्रहाचे दिवस होते; दुसऱ्याच दिवशी शहरात लोकांवर गोळीबार झाला. लष्करी कायदा लागला. कोपऱ्यावर गोरे सोजीर उभे राहिले आणि परवान्याशिवाय बाहेरगावी जायची बंदी झाली.

मी नल्ली काढून आब्बांच्या हातात दिली. ते कोट घालून ताठ चालत कोपऱ्यावर गेले. मी पडद्याआडून बघत होते. मोठ्या लढाईत त्यांनी असल्याच सोजिरांच्या पलटणी बसऱ्याला पोचवल्या होत्या, आणि नल्लीत दर सफरीपुढे कप्तानाचा 'उत्तम' असा शेरा होता. त्या पोरसवद्या सोजिरानं पानही उलटलं नाही. बंदुकीनंच घराची वाट दाखवली. चार दिवस आब्बा जात राहिले, परत येत राहिले. पाचव्या दिवशी त्यांनी कोट घातला नाही. बोट सुटली होती.

त्यानंतर त्या वयाच्या माणसाला कुणी घेईना. आब्बा आमच्याकडेच राहिले. मला एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

एकदा कोट धुवायला घेतला, तर खिशात नल्ली. मला रडू आवरेना. "आब्बा, मीच तुम्हाला इथं अडकवलं," म्हणत ती त्यांच्यापुढे धरली.

त्यांनी घेतली नाही. "तांदळात ठेव, बाय," म्हणाले. "मी अजून घरीच हाय."