शेजारची मोटर लागली नाही

आमच्या शहरात नळाला पाणी रोज येत नाही. पाचव्या-सहाव्या दिवशी येतं, तास-दीड तास राहतं आणि जातं. त्या दिवसाला आम्ही पाण्याचा दिवस म्हणतो. मग लग्न असो की मयत, घरात कुणीतरी एक जण मागं राहतोच. छावणीच्या बाजूला आमची चौदा घरांची गल्ली आहे. प्रत्येक घराला हौद आणि प्रत्येक नळाला मोटर. नळाला थेट मोटर लावणं नियमात बसत नाही, हे आम्हा सगळ्यांना पक्कं माहीत आहे. मी तर जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षं मुलांना नियम शिकवले. माझीही मोटर आहे.

शेजारच्या भाईसाहेबांची मोटर मात्र सगळ्यांत दांडगी. ते वाळूजच्या एका कंपनीत मेंटेनन्सला होते. निवृत्त झाल्यावर स्वतःच्या हातानं वाइंडिंग करून त्यांनी ती अशी काही तयार केली होती, की ती सुरू झाली की माझ्या नळाची धार करंगळीएवढी व्हायची. यावरून आमचं अकरा वर्षं भांडण चाललं होतं. मी पदर खोचून कंपाउंडच्या भिंतीशी जायची, वाट्टेल ते बोलायची. ते मान हलवत सगळं ऐकून घ्यायचे आणि मोटर चालूच ठेवायचे. मग त्यांची बायको मध्ये पडायची. ईदला शीरखुर्म्याचा पहिला डबा ती माझ्याकडं धाडायची, आणि तो खाल्ल्यावर माझा राग चार दिवस तरी डोकं वर काढत नाही, हे तिला बरोबर ठाऊक होतं.

एका उन्हाळ्यात ती गेली. मी भेटायला गेले, दहा मिनिटं बसले, परत आले. माझे यजमान जाऊन तोवर चार वर्षं झाली होती. रिकाम्या घरात माणसाचं काय होतं, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. तरी मी पुन्हा गेले नाही. कुणाच्या दारात विनाकारण जायचं म्हणजे माझ्या जिवावर येतं. भांडायला जाणं वेगळं, त्याला कारण असतं.

पुढं पावसाळ्यात एका पाण्याच्या दिवशी माझ्या नळाला मनगटाएवढी धार आली. शेजारची मोटर लागलीच नव्हती. माझा हौद अर्ध्या तासात भरला आणि मी अगदी खूश झाले. पुढच्या पाळीलाही तेच. त्या दिवशी मी अंगण धुतलं, पायऱ्या धुतल्या, चार वर्षं न काढलेले पडदे काढून धुतले. संध्याकाळी पडदे वाळत घालताना सहज डोक्यात गणित सुरू झालं. दोन पाळ्या म्हणजे दहा-बारा दिवस. एवढे दिवस हा माणूस पाण्यावाचून करतोय काय? ओला पडदा तसाच हातात राहिला. मला स्वतःची इतकी लाज वाटली, की पडदा बादलीत टाकून मी चपला न घालताच त्यांच्या दाराशी गेले.

बऱ्याच वेळानं दार उघडलं. दाढी वाढलेली, अंगावर मळका कुडता. मागं स्वयंपाकघरातली भांडी स्वच्छ घासून पालथी घातलेली, आणि ती तशीच बरेच दिवस पालथी असावीत. मी विचारलं, मोटर जळली की काय?

"मोटर चांगली आहे."

"मग लावत का नाही?"

"एका माणसाला कितना पाणी लागतं बाई? दोन बादल्या. ड्रममधलं पुरतं." मग म्हणाले, "भरून तरी काय करू?"

मी त्यांना रागावले. दुसरं मला येत नाही. दाढी करा, जेवा, आंघोळ करा, असं पाचवीच्या पोराला सांगावं तसं सांगितलं आणि घरी येऊन आशाताईला फोन केला.

आशाताई म्हणजे आमच्या आरोग्य केंद्राची आशा कार्यकर्ती. दुसऱ्या दिवशी ती आली, भाईसाहेबांचं बीपी तपासलं आणि मग माझ्या ओट्यावर येऊन बसली. म्हणाली, असे एकटे म्हातारे तिच्या यादीत गल्लोगल्ली आहेत. "गोळ्या मी आणून देते बाई. बोलायला माणूस कुठून आणून देऊ?" तेवढ्यात नळाचा लाईनमन खांद्यावर व्हॉल्व्ह फिरवायची लोखंडी चावी घेऊन पाणी प्यायला थांबला. त्याचं गाऱ्हाणं वेगळंच होतं. नवरा-बायको दोघं कामावर जाणारी घरं त्याचं डोकं खातात. "पाणी सोडलं की लई फोन येतात. आम्ही ड्युटीवर आहोत, उद्या सोडा म्हणतात. मी काय पाणी खिशात ठेवू?"

आशाताई त्याच्याकडं बघत राहिली, मग तिनं माझ्याकडं बघितलं. म्हणाली, एकीकडं घरं रिकामी आहेत आणि दुसरीकडं माणसं रिकामी बसलीत. कामावर जाणाऱ्यांनी घराची चावी एकट्या म्हाताऱ्यांकडं द्यायची. लाईनमननं पाणी सोडायच्या तासभर आधी फोन करायचा. म्हाताऱ्यांनी जाऊन हौद भरायचे. लाईनमन लगेच हो म्हणाला. मी तक्ता आखायला घेतला. त्यात आशाताईनं एक अट घातली. संध्याकाळी चावी परत नेताना ती हातात घ्यायची, दारातून पळायचं नाही, पाच मिनिटं बसायचं. चावी खिळ्याला अडकवून ठेवलेली दिसली तर ते घर ती यादीतून काढणार होती.

भाईसाहेब आधी नाही म्हणाले. कुणाची मेहरबानी नको होती त्यांना. तेव्हा आशाताईनं खोटंच सांगितलं, की तीन घरांच्या मोटरी बंद आहेत आणि मिस्त्री मिळत नाही. ते पाना-पक्कड घेऊन बाहेर पडले. तिन्ही मोटरी धडधाकट निघाल्या. तरी त्यांनी त्या उघडल्या, साफ केल्या, आधीच्या मिस्त्रीला नावं ठेवली आणि येताना तीन घरांच्या चाव्या घेऊन आले. दोन महिन्यांत त्यांच्याकडं सात चाव्या झाल्या. संध्याकाळी त्यांच्या हॉलमध्ये चप्पल काढायला जागा उरेना. ते सगळ्यांना चहा पाजायचे, तोही असा गोड, की आशाताई बीपीचं मशीन बाजूला ठेवून आधी साखरेचा डबा बघायची.

माझ्याकडं तीन चाव्या होत्या. मी हे सगळं भाईसाहेबांसाठी करतेय, असं मी लोकांना सांगायची. पण चार वाजले की मीही पातेल्यात चार कप दूध काढून ठेवायला लागले होते.

गोंधळही व्हायचे. कोपऱ्यावरच्या नर्सबाईंच्या घरी हौद भरायची पाळी माझी होती आणि वरची टाकी भरायला भाईसाहेब आले होते. आधी काय भरायचं यावरून आम्ही फाटकाशी उभं राहून असे भांडलो, की मोटर चालू आहे हेच विसरलो. पाणी घरातून वाहत पायरीवर आलं तेव्हा कळलं. पाण्याच्या दिवशी पाणी सांडणं म्हणजे आमच्याकडं पापच. आम्ही दोघं गोणपाट घेऊन फरशी पुसत होतो, एवढ्यात नर्सबाई दारात. आम्हाला त्या अवस्थेत बघून ती हसतच सुटली, मग आम्हीही हसलो. त्या हॉलमध्ये मी इतकी हसले, की कंबर धरून सोफ्यावर बसावं लागलं.

लाईनमननं ही गोष्ट गल्लीगल्लीत नेली. मशिदीच्या कमिटीनं आणि देवळातल्या भजनी मंडळानं, कोण बरेच दिवस दिसलं नाही त्यांची नावं आशाताईला द्यायला सुरुवात केली. खुलताबादहून सीताफळांची पाटी घेऊन येणारी मावशीसुद्धा कुणाचं दार उघडलं नाही ते सांगून जायची. वर्ष असं मजेत गेलं.

मग ईदला भाईसाहेबांचा मुलगा आला. तो चाकणला नोकरीला आहे. त्यानं मोठा फ्लॅट घेतला होता, बापासाठी वेगळी खोली होती, लिफ्ट होती, चोवीस तास पाणी होतं. भाईसाहेब हो म्हणाले. मुलगा माझ्याकडं आला आणि म्हणाला, "बाई, अब्बा हो म्हणतात, पण मनातून तयार दिसत नाहीत. तुमचं ऐकतात ते. जरा समजावा. इथं एकटे असताना पडले-बिडले तर?" त्याचं खरंच होतं. इतका चांगला मुलगा किती जणांना मिळतो? मी म्हणाले, सांगते. मग मी रात्रभर मनातल्या मनात वाक्यं जुळवली.

सकाळी गेले तर पलंगावर बॅग उघडी होती आणि भाईसाहेब कपड्यांच्या घड्या घालत होते. मी जुळवलेली वाक्यं ओळीनं म्हटली. नातवंडं आहेत, डॉक्टर जवळ आहे, या वयात मुलापाशीच असावं. ते प्रत्येक वाक्याला मान हलवत होते. माझं संपल्यावर त्यांनी सात चाव्या दोरीत ओवलेल्या पुढं केल्या. म्हणाले, आता हे तुमच्याकडं.

मी हात पुढं केलाच नाही.

"जाऊ नका," मी म्हणाले. "घरांचं बघेल कुणीतरी. मला करमणार नाही."

हे मी आजवर कुणाला म्हणाले नव्हते. माझी मुलगी नाशिकला गेली, तिलाही नाही. बोलून गेले आणि कुठं बघावं कळेना, म्हणून बॅगेतल्या कुडत्याकडं बघत राहिले.

भाईसाहेब पलंगावर बसले.

"पोरगा म्हणाला, चला. आशाताई म्हणाली, जावा. तुम्ही आत्ता येऊन तेच सांगितलं," ते म्हणाले. "थांबा असं कोणीच म्हणलं नाही बाई. म्हणून तर निघालो होतो."

मुलगा दारात उभा होता. त्यानं सगळं ऐकलं असणार. तो आत आला, बापाच्या शेजारी दोन मिनिटं बसला, आणि मग बॅगेतून गोळ्यांचा डबा काढून त्यानं तो परत कपाटात ठेवला.