मनसारामचा अंदाज

लटारूभाऊ तळ्याकडं नुसतं बघून सांगायचे, आज मासोळी कुठं आहे. ते गेले आणि मच्छीमार सोसायटीनं काही न विचारता जाळं कुठं टाकायचं ते सांगायला त्यांच्या पोराला, मनसारामला, पुढं केलं. मासोळीच्या पिल्लाला पोहणं शिकवावं लागतं का, असं जो तो म्हणे. अहो, पण मनसारामला पाण्यात फक्त पाणीच दिसायचं!

कळायचं ते त्याच्या बायकोला. कुंता कापूसवाल्या घरची लेक. लग्नाआधी विहिरीपलीकडं पाणी म्हणून पाहिलं नव्हतं. पण सासऱ्याची शिदोरी घेऊन तळ्यावर जाता जाता बुडबुडे कुठं उठतात, बगळे कुठं घुटमळतात, हे तिच्या नजरेत बसलं. मग नवराबायकोनं युक्ती काढली. जाळ्याच्या दिवशी कुंता तळ्याच्या बांधावर, पारीवर, टोपली घेऊन उभी. टोपली डाव्या कमरेवर तर जाळं डावीकडं, उजव्या तर उजवीकडं. चौदा वर्षं मनसारामचं नाव गाजलं, आणि चौदा वर्षं आज आपण उघडे पडू या भीतीनंच तो पाण्यात उतरत राहिला.

यंदा नवे अध्यक्ष मंगरूभाऊंनी फर्मान काढलं: बायका पारीवर नकोत, फुकटची गर्दी. कुंता खाली मोहाच्या झाडाशी थांबली, तिथून मनसारामला दिसेना.

पहिल्या जाळ्यात गवत आलं. दुसऱ्यात मूठभर झिंगे.

"काऊन रे मनसाराम, आज झालं काय तुले?" मंगरूभाऊ म्हणाले.

'ऊन लई हाये, उद्या पाहू' एवढं म्हटलं असतं तरी नाव राहिलं असतं. शब्द जिभेवर आलेही होते. पण तीस माणसं सकाळपासून पाण्यात होती, घरोघरी मसाला वाटून ठेवला होता.

"मले कधीच नाई समजलं, भाऊ," तो म्हणाला. "मी कुंताले पाहून सांगत होतो."

कुणीतरी फिसकन हसलं. मनसारामचे कान तापले, तरी त्यानं हाक मारलीच, "कुंते, ये वो इथी!"

ती धावत पारीवर आली. काय झालं ते तिला चेहऱ्यांवरूनच कळलं. "काहाले सांगतलं जी? गेली ना इज्जत!"

"जाऊ दे. मले आता हे भेव सहन होत नाई."

कुंतानं पदर खोचला, पाण्यावरून नजर फिरवली आणि काठावरच्या बेशरमाच्या झुडपांकडं हात केला. मंगरूभाऊंनी त्या झुडपांकडं पाहिलं. मग म्हणाले, "टाका तिकडं." आणि मनसारामकडं वळून, "अना तू काय करशील मंग?"

"दोर वढतो. तेवढं येते मले."

लोकांनी सरकून त्याला जागा दिली. जाळं जड लागायला लागलं तसा मनसाराम सगळ्यांत मोठ्यानं ओरडला, आणि चौदा वर्षांत पहिल्यांदा त्याला तळं आवडलं.