लांडग्याचं बीळ

शेजारच्या रानात उसाचं पाचट पेटवलं होतं. धूर घरात येत होता. नात शाळेचा तक्ता भरत होती. "चिलापी मासा आहे, उजनी धरणात राहतो, भरपूर आहे. लांडगा सस्तन, माळावर राहतो, धोक्यात. आजी, तू लांडगा बघितलायस का?"

त्या धुरानं मला वरकुट्याच्या माळावर नेलं. मी नऊ वर्षांची होते. मेंढरांमागं फिरताना लांडग्याचं बीळ मलाच दिसलं. एरवी मी कुणाशी बोलत नसे, पण पळत जाऊन वडिलांना सांगितलं. त्यांनी बिळाच्या तोंडाशी काटक्या पेटवल्या आणि वर दगड रचले. आत पिल्लं केकाटत होती.

"आमची मुकी पोर बोलली! कोकरं वाचवली हिनं," म्हणत त्यांनी मला खांद्यावर घेतलं. आतला आवाज थांबेपर्यंत मी खांद्यावर होते. इतकं कौतुक मला पुन्हा कधी मिळालं नाही.

आता तिथं ऊस आहे. लांडगे गेले, मेंढरंही गेली.

"सांग की, आजी."

"न्हाय गं. कुठला बघतीय मी?"

"पुस्तकात लिहिलंय, माणसांनीच मारले," ती म्हणाली.

मी उठून खिडकी लावली. धूर आतच राहिला.