मोबाइलवरचं कुंकू

समोरच्या सुमनकाकूंनी दुपारी आपला मोबाइल माझ्या हातात दिला. "तो नंबर तेवढा बंद करून दे गं," म्हणाल्या. मोबाइलच्या पाठीवर हळदीकुंकवाचा ठिपका होता, वाळून तडकलेला.

लॉटरी लागल्याचा मेसेज आला तेव्हा काकूंनी मोबाइल आधी देवापुढे ठेवला होता. आपल्याकडे चांगलं काही घरात आलं की ते आधी देवापुढेच जातं. पहिला पगार, निकालाचा कागद, नव्या गाडीची किल्ली. मग बक्षीस सोडवून घ्यायला फी मागितली गेली आणि काकूंनी पाटल्या मोडल्या. ती भरली की दुसरी फी निघाली. शेवटी मुलाला कळलं, आणि मग सगळ्या बिल्डिंगला.

तेव्हापासून जिन्यात एकच वाक्य ऐकतेय, "हाव नडली." ऐकून ऐकून कंटाळा आला आहे. हाव कशाला देवघरात जाईल? ती दार लावून बसते. काकू तर निरांजन लावून बसल्या होत्या. रोज सकाळी फुलांचं चित्र पाठवून 'ताई, जेवलात का?' विचारणारा माणूस खोटा असेल, हे कुठल्या वयात शिकायचं?

मी त्या माणसाचा नंबर बंद केला. परत देताना सवयीने ओढणीच्या टोकाने तो ठिपका पुसायला गेले, तर काकूंनी माझा हात धरला. त्यांचं मनगट मोकळं होतं.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "देवालाही खरंच वाटलं असेल गं."